खो कोणी दिला?

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. सकाळचा सराव चालू होता. एक पालक ऊस कारखान्यावर घालून परत निघाले होते. त्यांनी ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावला आणि ते मैदानावर आले. थोडा वेळ खेळ बघितला आणि मला म्हणाले, "सर, पोरगं दोन वर्षं झाली रोज पळतंय. पण पेपरात कधी नाव येईना. निवडणारी माणसं येतील त्या दिवशी त्याला जरा जास्त गडी मारू द्या की!"

मी हसलो, पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलगा खेळतो संघासाठी आणि निवड होते एकट्याची. मग त्यानं खेळायचं कुणासाठी? तीस वर्षं मी मुलांना खो-खो शिकवला. आता नोकरीतून निवृत्त झालो, तरी मैदान काही सुटलेलं नाही. या तीस वर्षांत हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. एकदा तर त्याचं उत्तर देताना मी स्वतःच चुकलो. तेही आज सांगणार आहे.

आमचं श्रीपूर माळशिरस तालुक्यातलं, उसाचं आणि साखर कारखान्याचं गाव. शेजारच्या अकलूजला कुस्तीचा नाद आणि वेळापूरला खो-खोचा. त्यामुळं आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की एक तर त्याला लंगोट बांधतात, नाही तर पाटीवर बसवतात!

खो-खो आपण सगळेच शाळेत खेळलो आहोत. तरी त्यातली एक गंमत पुन्हा सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण ओळीनं बसतात, एकाआड एक विरुद्ध बाजूंना तोंड करून. नववा धावतो. त्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडं जायचं नाही. पळणारा गडी मात्र मोकळा. तो सहज बसलेल्या दोघांमधून पलीकडं निसटतो. आता धावणारा कितीही चपळ असो, तो काय करणार? पलीकडं तोंड करून बसलेल्याला खो देणार आणि स्वतः त्याच्या जागी बसणार. म्हणजे या खेळात नियमानंच एकट्याचे हात बांधलेले आहेत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. पुढं त्यांत कितीतरी बदल झाले, पण हा गाभा आजही तोच आहे.

मात्र सामना संपल्यावर कागदावर काय उरतं? दुसऱ्या दिवशी पेपर उघडा. अमक्याचं दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण, तमक्यानं चार गडी बाद केले. ज्यानं नेमक्या क्षणी खो दिला, ज्याच्यामुळं पुढच्याचा हात गड्याला लागला, त्याचं नाव कुठंच नसतं.

पूर्वी याचं कुणाला फारसं वाटत नसे. आता वाटतं, आणि ते रास्तही आहे, कारण खेळ आता पोटापाण्याशी जोडला गेला आहे. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस यांचे संघ आहेत. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला 'अल्टिमेट खो-खो' लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईच्या संघातून खेळला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. शेजारच्या गावातला मुलगा टीव्हीवर दिसला, तर आमच्या पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी स्वप्नं का बघू नयेत? त्यात लीगमध्ये सूर मारून किंवा खांबावर टिपलेल्या गड्याला साध्या स्पर्शापेक्षा जास्त गुण. साहजिकच सूर मारायला सगळे उत्सुक असतात. खो देऊन खाली बसायला कोण?

निवडीच्या वाटा दोन आहेत, हे पालकांना बऱ्याचदा माहीत नसतं. एक शालेय स्पर्धांची. तिथं जिंकणारा संघ तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला आणि तिथून राज्याला जातो. हरलेल्या शाळेतला उत्तम खेळाडूही त्या वर्षी तिथंच थांबतो. या वाटेवर संघ पुढं गेला तरच तुम्ही पुढं जाता. दुसरी वाट संघटनेची. तिथं वेगवेगळ्या मंडळांतून खेळाडू निवडून जिल्ह्याचा संघ बांधतात, जिल्ह्यांतून राज्याचा. इथं प्रत्येकाला आपलं नाणं स्वतंत्रपणे वाजवून दाखवावं लागतं. खरी ओढाताण होते ती या दोन वाटा एकाच दिवशी समोर आल्या म्हणजे.

माझी चूक झाली ती अशीच. बारावीतला एक मुलगा, अप्रतिम संरक्षक. त्याची हूल अशी की समोरचा धावणारा भलत्याच बाजूला जायचा. कुमार गटातलं त्याचं ते शेवटचं वर्ष. जिल्हा संघाच्या निवड चाचणीचं पत्र आलं आणि तारीख निघाली नेमकी आमच्या अंतिम सामन्याची. मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. कुणाला बोललो नाही. मनाशी म्हटलं, संघ आधी. सामना आम्ही जिंकलो, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. चार दिवसांनी त्याला चाचणीचं बाहेरून कळलं. तो आला आणि एवढंच म्हणाला, "सर, मला विचारलं असतं तर मी कदाचित सामनाच खेळलो असतो. पण विचारायला पाहिजे होतं."

त्याचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. निष्ठा त्याची होती आणि ती मी परस्पर खर्च करून टाकली. आज तो हंगामात ट्रॅक्टर चालवतो. संसार सुखाचा आहे, रस्त्यात भेटला की नमस्कारही करतो. चाचणीत तो निवडला गेलाच असता असं मी म्हणत नाही. पण ते ठरवायची संधी त्याची होती, माझी नव्हती.

दुसरी आठवण याच्या उलटी. एका स्पर्धेला निवड समितीचे लोक बसले आहेत, हे मुलींना कळलं. आमची सर्वांत वेगवान मुलगी त्या दिवशी खो देईना. गडी पलीकडं निसटला तरी ही आपली खांबापर्यंत धावतेय, वळून पुन्हा धावतेय. तिनं चार गडी मारले आणि सामना आम्ही एका गुणानं हरलो. निवड तिचीच झाली. बाकीच्या मुली रडल्या, तिच्याशी बोलेनात. शिबिराहून परत आल्यावर ती स्वतःच सांगत होती, "सर, तिथं सगळ्याच आपापल्या गावच्या पहिल्या नंबरच्या. पहिले आठ दिवस आम्हाला फक्त खो द्यायलाच शिकवलं." मला तिचा राग आला नाही. उरलेल्या आठ जणींच्या कामाचा हिशेब मीच कधी मांडला नव्हता. जे मोजलं जात नाही ते मुलांनी का करावं?

तो हिशेब मांडायचा कसा, हे मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याचा मुलगा बेसबॉल खेळतो. तिकडं शाळकरी खेळाडूंचे खास मेळावे भरतात. पालक फी भरतात, विद्यापीठांचे प्रशिक्षक बसलेले असतात, रडारच्या यंत्रानं फेकीचा वेग मोजतात, साठ यार्डांची धाव घड्याळावर लावतात. म्हणजे आमचाच प्रश्न, फक्त डॉलरमधला! पण त्याच खेळात एक सुंदर रीत आहे. फलंदाज कधी कधी मुद्दाम चेंडू हलकेच जवळ टाकतो. स्वतः बाद होतो, पण तेवढ्यात त्याचा साथीदार पुढच्या तळावर पोचतो. या खेळीला 'सॅक्रिफाइस', म्हणजे त्याग, म्हणतात. गुणपुस्तकात तिची वेगळी नोंद होते आणि त्या बाद होण्यानं फलंदाजाची सरासरी घटत नाही. त्याग करणाऱ्याचं नुकसान होऊ नये, याची सोय त्यांनी वहीतच करून ठेवली आहे.

हे ऐकलं आणि मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला: खो कोणी दिला? गडी बाद झाला की मारणाऱ्याच्या नावापुढं त्याच्या आधी खो देणाऱ्याचं नाव. सामन्यानंतर दोन्ही नावं मोठ्यानं वाचतो. निवड समितीचं कुणी विचारलं तर वही पुढं करतो. आणि जाणकार माणूस खरोखर तेच बघतो. गडी मारणारा कुणालाही दिसतो, पण खो मिळाल्यावर खेळाडू किती झटकन उठतो, कुठल्या कोनात पाऊल टाकतो, हे पारखी नजरेलाच दिसतं.

बाकीचे आमचे नियम साधे आहेत. हंगामाच्या सुरुवातीलाच पालकांना बोलावून सामन्यांच्या आणि चाचण्यांच्या जेवढ्या तारखा कळल्या असतील तेवढ्या फळ्यावर लिहितो. चाचणीचं पत्र आलं की त्याच दिवशी खेळाडूच्या आणि पालकांच्या हातात देतो. शेवटच्या वयाच्या वर्षातली चाचणी असेल तर आम्ही सामन्याचा आग्रह धरत नाही, त्याच्या जागी दुसरा तयार ठेवतो. त्याच्या बाजूनं अट एकच. जायचं असेल तर वेळेवर सांगायचं, आदल्या रात्री नाही. संघात आहे तोवर पूर्ण संघाचा. प्रमाणपत्रं आणि वयाचे दाखले जपायचे, कारण नोकरीच्या वेळी त्यांची पडताळणी होते. आणि एक गोष्ट पालकांनी विसरू नये. सांघिक खेळाचं पदक संघाला मिळतं आणि प्रमाणपत्र सगळ्यांना. चार गडी मारणाऱ्याला आणि त्याला खो देणाऱ्याला, दोघांनाही.

त्या ट्रॅक्टरवाल्या पालकांना मी वही उघडून दाखवली. मारणाऱ्यांच्या रकान्यात त्यांच्या मुलाचं नाव दोनदा होतं. खो देणाऱ्यांच्या रकान्यात अकरा वेळा. त्यांनी बोट ठेवून एकेक मोजलं. म्हणाले, "हे पेपरवाल्यांना का देत नाही तुम्ही?"

या हंगामापासून देणार आहे. छापतील न छापतील, तो त्यांचा प्रश्न.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)