खेळांच्या चकत्या आणि त्यांची कुलुपे

कुलूप लावायचे ते चोराला अडविण्यासाठी, घरधन्याला अडविण्यासाठी नव्हे. पण किल्ली हरवली, की कुलपाला दोघेही सारखेच! घरगुती संगणकांवरील जुन्या खेळांच्या बाबतीत आज नेमके हेच झाले आहे. १९८० नंतरच्या दशकात असे खेळ फ्लॉपी डिस्कवर, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या पातळ चकतीवर, विकले जात. त्यांची नक्कल कोणी करू नये म्हणून विकणाऱ्यांनी नाना युक्त्या योजल्या होत्या. पुढे ते संगणक बाजारातून गेले, कित्येक कंपन्या बंद पडल्या. आणि चकत्यांवरचा लेप दिवसेंदिवस जीर्ण होत आहे. मग ज्याने रोख पैसे मोजून खेळ विकत घेतला, त्याने तो टिकवावा तरी कसा? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

उदाहरणादाखल एकच यंत्र घेऊ. कमोडोर ६४ हा संगणक १९८२ साली अमेरिकेत विक्रीस आला. त्याला जोडण्याचे चकती वाचणारे यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, '१५४१' या क्रमांकाने ओळखले जाई. त्यात सव्वापाच इंची चकती बसे. या चकतीवर एकात एक अशी ३५ वर्तुळे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, ते सेक्टर. बाहेरची वर्तुळे मोठी, म्हणून तेथे २१ सेक्टर मावतात. आत आत जावे तसे १९, १८ आणि शेवटी १७. असे एकूण ६८३ सेक्टर, आणि प्रत्येकात २५६ बाइट. म्हणजे सगळी चकती मिळून १,७४,८४८ बाइट. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही एवढी जागा पुरत नाही, पण त्यात एक अख्खा खेळ राहत असे, बरे का!

प्रत्येक सेक्टरबरोबर तपासणीचा एक आकडा लिहिलेला असतो. वाण्याच्या बिलाखाली बेरीज असते ना, तसाच तो समजा. ड्राइव्ह मजकूर वाचतो, आकडा पुन्हा काढून पाहतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर चूक झाल्याचे संगणकाला कळवितो. प्रत्येक प्रकारच्या चुकीला स्वतंत्र क्रमांक आहे. मजकुराची तपासणी जुळली नाही तर २३. सेक्टरचा मथळाच सापडला नाही तर २०.

खरी गंमत येथेच आहे. खेळ विकणाऱ्यांनी मूळ चकतीवर एखादा सेक्टर मुद्दाम बिघडवून ठेवला. खेळ सुरू झाला, की तो ड्राइव्हला सांगे, 'अमुक सेक्टर वाच.' उत्तरादाखल चूक आली, तर चकती अस्सल! सेक्टर सुरळीत वाचला गेला, तर ती नक्कल, आणि खेळ तेथेच थांबे. साध्या नकलेत ही खोड उतरतच नसे. पोथी उतरविणारा एखादा लेखक अशुद्ध शब्द दिसला, की तो शुद्ध करून लिहितो; ड्राइव्हही तसाच. तो जे लिहितो ते नियमाला धरून आणि बिनचूक लिहितो. परंतु या पोथीत ती अशुद्धी हीच मालकाची खूण होती.

या युक्तीचा त्रास कोणाला झाला? १५४१ ड्राइव्हला आपले वाचनमुख पहिल्या ट्रॅकवर आहे की नाही, हे कळण्याची सोय नव्हती. वाचताना चूक आली, की ते मुख मागे मागे नेऊन अडणीवर आपटायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा, अशी त्याची रीत. त्यामुळे अस्सल चकती घातली, की आतून खडखडाट ऐकू येई, आणि असे वारंवार होऊन मुखाची मांडणी सरके. मग बाकीच्या चांगल्या चकत्याही वाचता येईनात. कुलूप काढून टाकलेली चोरटी नक्कल वापरणाऱ्याच्या वाट्याला मात्र हा खडखडाट येत नसे. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हे असे!

पुढे नक्कल करण्याची साधने सुधारली. 'फास्ट हॅकेम'सारखे कार्यक्रम ही चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवू लागले. तेव्हा कुलूप करणारेही पुढे सरकले. कोणी पस्तिसाव्या ट्रॅकच्या आत आणखी ट्रॅक लिहिले. कोणी दोन ट्रॅकांच्या मधल्या जागेत खूण ठेवली. कोणी कारखान्यातील यंत्रावर मजकूर इतका दाट लिहिला, की घरच्या ड्राइव्हला तो वाचता येई पण लिहिता येत नसे. अटारी एसटी या संगणकावरील १९८७ सालच्या 'डंजन मास्टर' या खेळात तर काही खुणा मुद्दाम संदिग्ध होत्या. त्या एकदा वाचल्या तर शून्य, पुन्हा वाचल्या तर एक! नक्कल केली, की त्या कायमच्या शून्य किंवा कायमच्या एक होऊन बसत, आणि खेळ नक्कल ओळखे.

आता वाचक विचारतील, 'या चकत्या आज वाचवायच्या कशा?' मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे कुलूपच तोडणे. खेळातील तपासणीचा भाग शोधून तो निकामी करणे. त्या काळी पुष्कळांनी हे केले, पण आपल्या नावाचा फलक पुढे जोडला, आणि जागा वाचविण्यासाठी कधी खेळातील चित्रे किंवा संगीतही छाटून टाकले. अलीकडे ॲपल २ संगणकाच्या चकत्यांवर '४ॲम' या टोपणनावाने काम करणाऱ्या व्यक्तीने मात्र वेगळा दंडक पाळला. खेळाला हात न लावता फक्त कुलूप काढायचे, आणि ते कसे काढले याची टिपणे लिहून ठेवायची. हे काम इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात पाहावयास मिळते.

दुसरा मार्ग म्हणजे कुलपासकट सगळी चकती जशीच्या तशी टिपून घेणे. येथे सेक्टर, तपासणी यांचा विचारच करायचा नाही. चकतीवर चुंबकाची दिशा कोठे कोठे बदलते आणि दोन बदलांमध्ये किती काळ जातो, एवढेच मोजायचे. क्रायोफ्लक्स, ग्रीसवीझल, ॲपलसॉस ही साधने हेच काम करतात. पोथी वाचून उतरविण्याऐवजी तिचे छायाचित्र घ्यावे, तसा हा प्रकार. अशुद्ध शब्द, समासातील खूण, कागदावरचा डाग, सगळे त्यात येते. पुढे जाणकाराला सवडीने त्याचा अर्थ लावता येतो. म्हणून जतनासाठी हा मार्ग उत्तम.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत १९८० साली झालेल्या दुरुस्तीने कार्यक्रमाच्या प्रतीच्या मालकाला जपणुकीसाठी नक्कल करण्याची मुभा मिळाली. व्हॉल्ट नावाची कंपनी चकतीच्या पृष्ठभागावर विशिष्ट खूण करून कुलूपबंद चकत्या विकत असे. क्वेड नावाच्या कंपनीने ते कुलूप चुकविणारा कार्यक्रम विकला. खटला होऊन १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला. जपणुकीची नक्कल करणे हा त्या कार्यक्रमाचा रास्त उपयोग आहे, असे न्यायालयाला वाटले. पुढे १९९८ च्या कायद्याने कुलूप चुकविण्यावर बंधने आली, तरी कालबाह्य साधनांवरील कार्यक्रम आणि खेळ यांच्या जतनासाठी २००३ साली काही सूट देण्यात आली. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ मध्ये, कार्यक्रम ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला, नाश किंवा हानी यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. २०१२ साली कुलपे चुकविण्याबद्दल कलम ६५अ आले. पण त्यात हक्कभंगाचा हेतू महत्त्वाचा मानलेला आहे. म्हणजे आपल्या चकतीची प्रत आपल्यासाठी जपणे वेगळे, आणि दहा मित्रांना वाटणे वेगळे, हे ध्यानात असू द्यावे.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या माळ्यावर किंवा परदेशातून परतलेल्या नातेवाइकाच्या पेटीत अशा चकत्या असतील, तर घाईने ड्राइव्हमध्ये घालू नका. प्रथम उजेडात धरून पाहा. आपल्याकडील पावसाळी हवेत लेपावर बुरशी धरते, आणि तशी चकती फिरविली तर लेपही खरवडतो, ड्राइव्हचे मुखही घाण होते. सव्वापाच इंची चकतीच्या कडेला खाच असेल तर ती चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे चुकून काही लिहिले जात नाही. मजकूर टिपताना प्रत्येक ट्रॅकचे एकाहून अधिक फेरे घ्यावेत. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्यात कंजुषी कशाला? संदिग्ध खुणा ओळखू येतात त्या याच फेऱ्यांच्या तुलनेतून. कमोडोरच्या कुलूपबंद चकतीसाठी साधी डी-६४ फाइल बहुधा अपुरी पडते. जी-६४ फाइलमध्ये ट्रॅकचा कच्चा मजकूर राहतो, म्हणून ती बरी.

नक्कल झाल्यावर ती 'व्हाइस'सारख्या, जुन्या संगणकाची बतावणी करणाऱ्या कार्यक्रमात चालवून पाहावी. आणि पहिले चित्र दिसले म्हणून समाधान मानू नये. काही खेळ तपासणी पुष्कळ उशिरा करतात, तेव्हा चार पायऱ्या पुढे जाऊन पाहावे. खेळाबरोबर आलेली माहितीपुस्तिकाही टिपून ठेवावी, कारण अमुक पानावरील अमुक शब्द सांगा, असे विचारणारे खेळही होतेच. शेवटी तयार प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ चकती मात्र फेकू नये. उद्या याहून चांगले साधन निघाले, तर पुन्हा तिच्याकडेच जावे लागेल. पण जी चकती आज वाचली जाते, ती आणखी दहा वर्षांनी वाचली जाईलच असे नाही. म्हणून हे काम पुढच्या सुटीवर न ढकलणे बरे.