जीपचे ब्रेक बदलताना



ऊस नोंदणीसाठी डोणगावच्या शिवारात फिरताना अजून जुन्या फोर व्हील जीपा दिसतात. पुष्कळांनी मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले आहे. वेग वाढला, मागे बेण्याची ट्रॉली लागली. ब्रेक मात्र जुनेच.

सीजे-3बी या जीपला चारही चाकांना 9 इंची ड्रम आणि फळीखाली एकच मास्टर सिलिंडर. पाइप कोठेही फुटला की चारही ब्रेक जातात. वेग 40 वरून 60 केला तर तो दीडपटच वाढतो, पण ब्रेकला जिरवावा लागणारा जोर सव्वादोनपट होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मध्यम ब्रेक दाबला तर 40 ला सुमारे 13 मीटर लागतात, 60 ला 28. पाय पेडलवर जाईपर्यंतचे अंतर वेगळेच. फोर व्हीलचा दांडा टाकल्याने यात काही कमी होत नाही. तो चिखलातून निघायला आहे.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याकडे ओढा आहे, आणि तो बरोबर आहे. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी आणि काळा गाळ अडकतो; डिस्क लगेच कोरडी होते. पण अर्धवट काम घातक. माझ्याच जीपला एका गॅरेजवाल्याने डिस्क लावली आणि सिलिंडर जुनेच ठेवले. नाल्याच्या उतारावर पेडल पार तळाला गेले, मागे ट्रॉलीभर बेणे! गिअर उतरवला आणि बांधाला घासून कसाबसा थांबलो.

कारण असे. डिस्कच्या कॅलिपरला तेल जास्त लागते, ते लहान सिलिंडरला पुरवता येत नाही. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो. डिस्कला तसा आधार नाही, म्हणून पायाचा जोर वाढतो आणि बूस्टर लागतो. बूस्टर हवेच्या ओढीवर चालतो. पेट्रोल इंजिनात ती ओढ आयती मिळते, डिझेलमध्ये नाही. तिथे व्हॅक्यूम पंप हवाच. तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला असतो. सिलिंडर दुहेरी घ्यावे, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी राहते. पैसे कमी असतील तर डिस्क राहू द्या. आधी दुहेरी सिलिंडर, नवे होज आणि लायनिंग करा. मूळ रचनेतला बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली येतो, तेव्हा बुलडाण्याच्या आरटीओ कचेरीत आधी विचारावे.

ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल कधीही ओतू नका, रबरे फुगतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट 3 नवे असता 205 अंशाला उकळते, पाणी मुरल्यावर 140 च्या आसपास. दोन वर्षांत बदलावे.

आणखी एक. जुन्या विलिजचा हँडब्रेक चाकावर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शिअलमुळे तो गाडी धरत नाही. जॅक लावण्याआधी बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

— ऊस विकास अधिकारी