अलंग-मदन-कुलंग: कातळाने आखलेली वाट

आंबेवाडीच्या भातखाचरांतून दक्षिणेकडे पाहिलं की डावीकडून उजवीकडे तीन गड ओळीने उभे दिसतात: अलंग, मदन आणि कुलंग. कळसूबाईच्या रांगेतलं हे त्रिकूट. गावातून निघून अलंगवर चढायचं, दोराने उतरून मदनला भिडायचं, तिथून आडवं जात कुलंगचा माथा गाठायचा आणि पुन्हा आंबेवाडीतच उतरायचं, अशी ही फेरी. बहुतेक जण ती दोन मुक्काम करून पूर्ण करतात. ट्रेकर मंडळींच्या तोंडी तिचं नाव ‘एएमके’. ‘एएमके केलंस का?’ या प्रश्नात चौकशी कमी आणि परीक्षा जास्त असते.

या ट्रेकचा फोटो म्हटला की मदनचा रॉक पॅच ठरलेला. उभ्या कातळावर हेल्मेट घातलेला एक जण, कमरेला हार्नेस, वर ताणलेला दोर आणि पायाखाली थेट दरी. फोटो खोटा नाही. पण संपूर्ण फेरीत दोराशिवाय चालत नाही अशी उंची अलंगवर सत्तर-ऐंशी फूट आणि मदनवर चाळीस-पन्नास फूट. म्हणजे सगळी मिळून दीडशे फुटांच्या आतच. बाकीचा सगळा वेळ माणूस आपल्या दोन पायांवर असतो आणि खरा कस तिथेच लागतो. तो का लागतो हे समजायचं तर आधी पायाखालचा दगड बघावा लागतो.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा एकदाच येऊन थांबला नाही. एक थर पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा, असं कितीतरी वेळा झालं. दख्खनच्या या थरांची शास्त्रज्ञांनी जी वर्गवारी केली आहे, तिच्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे जुन्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलेलं आहे. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर हे त्या गटाचे पाच विभाग. 1646 मीटर उंचीचं राज्यातलं सर्वोच्च शिखर आणि त्याच्या शेजारचे हे गड त्याच लाव्हातून घडले.

थर सगळे सारखे नसतात. काही ठिकाणचा बेसाल्ट घट्ट, काळा, एकजीव असतो. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे या भेगांवरून दगडाचे ठोकळेच्या ठोकळे सुटून जातात आणि मागे सरळसोट कडा उरतो. दुसऱ्या प्रकारच्या थरात लाव्हातल्या वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. त्या पोकळ्यांत नंतर पांढुरकी, हिरवट खनिजं भरतात. हा दगड तुलनेने मऊ, लवकर झिजणारा. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी तो आत-बाहेर होत उताराचा एक पट्टा तयार करतो. वर कडा, खाली कडा आणि मध्ये हा अरुंद पट्टा. सह्याद्रीत वाटा जातात त्या याच पट्ट्यांवरून. हा पट्टा रुंद झाला की त्यावर माती धरते, जंगल उभं राहतं आणि त्याला गावकरी पदर म्हणतात. अरुंद राहिला तर तो ट्रेकरचा ‘ट्रॅव्हर्स’.

अलंगच्या पोटातून जाणारे, अलंग-मदनच्या खिंडीकडे नेणारे ट्रॅव्हर्स असेच आहेत. एका खांद्याला कातळ घासतो आणि दुसऱ्या बाजूला काही नसतं. वाट काही ठिकाणी जेमतेम पाऊलभर रुंद. चढ फारसा नसतो, त्यामुळे दम लागत नाही, आणि दम लागत नाही म्हणून लक्ष उडतं. वर पावसाळ्यात वाढलेलं गवत नोव्हेंबरनंतर वाळून आडवं होतं. वाळलेल्या गवतावर बूट निसटतो तसा ओल्या कातळावरही निसटत नाही. गवताखाली बारीक मुरूम, म्हणजे घसारा. या पट्ट्यावर कोणी सहसा दोर लावत नाही, कारण लावायचा तर अर्धा दिवस त्यातच जाईल. रॉक पॅचवर प्रत्येक जण दोराला जोडलेला असतो, बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, वर बसलेला असतो, चार जोडी डोळे त्याच्यावर असतात. ट्रॅव्हर्सवर तो एकटा असतो. म्हणून मला वाटतं, नवख्या माणसाची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला मदनच्या कातळावर चढवू नये, त्याला आधी एखाद्या अरुंद धारेवरून पाठीवर भरलेली सॅक घेऊन चालवावं. ट्रेकर ज्याला दृष्टिभय म्हणतात ते तिथे कळतं. हाताच्या ताकदीचा आणि त्याचा संबंध नाही. व्यायामशाळेत दंड कमावलेला माणूसही दरी दिसताच गुडघ्यांत वाकलेला मी पाहिला आहे.

रॉक पॅच मुळात तिथे का आहेत, याचं उत्तर मात्र लाव्हात नाही, इतिहासात आहे. तिन्ही गडांवर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आजही शाबूत आहेत. गडावर राबता होता तेव्हा माणसं, धान्य, दारूगोळा सगळं याच पायऱ्यांनी वर गेलं. 1818मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतल्यावर पुन्हा कोणी त्यांचा आश्रय घेऊ नये म्हणून अनेक ठिकाणी मोक्याच्या जागच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. सगळा जिना फोडायची गरज नव्हती. मधला तुकडा नाहीसा झाला तरी गड निकामी होतो. मदनवर हे स्पष्ट दिसतं. खालून पायऱ्यांनी आरामात वर येतो, अचानक पायऱ्या संपतात, मध्ये कोरा कातळ आणि त्याच्यावर पुन्हा पायऱ्या. आपण दोर लावून पार करतो तो हा सुरुंगाने पाडलेला खंड.

2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत हे तीन नाहीत. एका परीने बरंच झालं, नाहीतर कोणीतरी इथे लोखंडी जिना प्रस्तावित केला असता.

आता दोराचं गणित. एका माणसाला हार्नेस घालून, तपासून, कातळ चढवून किंवा उतरवून दोर मोकळा करायला दहा मिनिटं धरा. वीस जणांचा गट असेल तर एका पॅचला तीन तासांहून जास्त वेळ जातो, आणि पॅच किमान दोन. मदन चढायचा तसा उतरायचाही असतो, म्हणजे दोरावर तिसरी खेप. त्यात लागून सुटी आली आणि तीन गट एकाच वेळी खिंडीत भेटले की रांग लागते. उन्हात बसून पाणी संपतं, आणि मदन उतरून कुलंगकडे निघेपर्यंत सूर्य कलतो. पुढची वाट खिंडीतून पदरातल्या जंगलात उतरून आडवी जाणारी, ढोरवाटांनी फसवणारी, आणि तिच्या शेवटी कुलंगच्या दमछाक करणाऱ्या पायऱ्या. संध्याकाळी उशिरा डोक्याला विजेरी लावून कुलंग चढणारे गट दर हिवाळ्यात दिसतात. त्यांतल्या प्रत्येकाचा उशीर सकाळीच दोराजवळ सुरू झालेला असतो. आठ-दहा जणांचा गट, दोघं जाणकार, दोन दोर आणि मधल्या वारी निघणं, एवढं साधलं तर हा ट्रेक निम्मा सोपा होतो.

मुक्कामाची सोय गडांनीच केलेली आहे. अलंगचा माथा ऐसपैस. वर गुहा, वाड्यांची जोती आणि पाण्याची खोदीव टाकी. मदन लहान, पण त्याच्यावरही गुहा आणि टाकी आहेत. कुलंगवर तर टाक्यांचा समूहच आहे, आणि एका घळीत पावसाचं पाणी अडवायला बांधलेली भिंत, तिला गोमुख. गडाच्या माथ्यावर धरण बांधणाऱ्याला पाण्याची किंमत नेमकी ठाऊक होती. इथे पुन्हा दगड आठवावा. घट्ट काळ्या थराला उभ्या भेगा असतात, त्यातून पाणी झिरपून जातं. पोकळ्या भरलेल्या मऊ थरात भेगा जवळजवळ नसतात. दिसायला तो हलका, पण पाणी तोच धरतो आणि छिन्नीलाही तोच वश होतो. टाकी खोदणाऱ्यांनी भूशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. हात चालवून त्यांना हे कळलेलं होतं.

गुहेत झोपायची जागा मिळत असेल तर माथ्यावर तंबू लावण्याच्या फंदात पडू नये. हिवाळ्यात रात्री जोराचा वारा सुटतो, कातळात मेख शिरत नाही आणि दगड ठेवून ताणलेला तंबू पहाटेपर्यंत फडफडत राहतो. ज्यांना तंबूतच राहायचं आहे त्यांच्यासाठी आंबेवाडीतलं अंगण उत्तम. गावात महादेव कोळी आणि ठाकर वस्ती आहे. आधी सांगून ठेवलं तर नागलीची भाकरी आणि वाटाड्या दोन्ही मिळतात. वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत. पदरातल्या जंगलात गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा यांतला फरक शहरातल्या माणसाला दिसत नाही, मोबाइलमधल्या नकाशालाही दरवेळी दिसतोच असं नाही.

टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्यावं. ज्या टाक्यातून पिण्याचं पाणी घ्यायचं त्यात हात-पाय तर सोडाच, खरकटं भांडंही बुडवू नये. ही साधी गोष्ट सांगावी लागते, कारण ती पाळली जात नाही. मधल्या वाटेवर पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा प्रत्येक गडावरून निघताना माणशी तीन लिटर तरी भरून घ्यावं. जळणासाठी माथ्यावरची झुडपं तोडण्यापेक्षा छोटा गॅस उचलावा. शेकोटीचं आणखी एक दुखणं आहे: कड्यांना लटकलेली आग्या माश्यांची मोहोळं. धुराने, भडक अत्तराने, आरड्याओरड्याने त्या उठतात, आणि दोराला लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

पावसाळ्यात हा ट्रेक करू नये, यावर दुमत नाही. शेवाळलेला कातळ आणि धुकं, दोन्ही एकाच वेळी. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की टाकी भरलेली असतात पण गवत छातीपर्यंत, वाट सापडत नाही. डिसेंबर आणि जानेवारी सर्वांत सोयीचे. फेब्रुवारीनंतर कातळ तापतो. कुलंगवरून स्वच्छ दिवशी पूर्वेला कळसूबाई, दक्षिणेला रतनगड आणि त्याचं नेढं (कातळातलं आरपार भोक), त्यामागे हरिश्चंद्रगड, आणि लांबवर तो पट्टागड, जिथे 1679मध्ये जालन्याच्या मोहिमेनंतर शिवाजी महाराजांनी विश्रांती घेतली. धुरकट मार्चमध्ये यातलं निम्मंही दिसत नाही.

काही बिघडलं तर? घोटा मुरगळलेल्या माणसाला खिंडीतून खाली आणायला आठ-दहा धडधाकट माणसं आणि सबंध दिवस लागतो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या छत्राखाली ठिकठिकाणचे गिर्यारोहक स्वखुशीने धावून येतात, पण त्यांना निरोप पोचायला फोनला रेंज लागते आणि यायला वेळ. राज्य सरकारने 2021मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी आहे का, दोर लावणारा कुठे आणि काय शिकलेला आहे, आणि गटात माणसं किती. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसरा आयोजक बघावा.

दोराची भीती वाटते, किंवा घरच्यांना वाटते, त्यांनी नुसता कुलंग करावा. त्याला दोर लागत नाही. आंबेवाडीतून सकाळी लवकर निघायचं, जंगल, मग सोंड, मग संपता न संपणाऱ्या पायऱ्या. वर गुहा आहे, पाणी आहे, गोमुखाची भिंत आहे, आणि मदन-अलंगचे कडे पूर्वेला समोरासमोर. लाव्हाचे थर मोजायचे असतील तर ते या बाजूनेच नीट मोजता येतात. फक्त उतरताना गुडघ्यांना पट्टा बांधावा आणि काठी न्यावी.