शिपायाचे निवृत्तिवेतन आणि न्यायालयाचे दार

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत जात आली आहेत. त्यांतला एखादा धडधाकट गेलेला तरुण काही वर्षांनी आजार घेऊन घरी परततो. मग टपालाने एक कागद येतो. आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही, सबब अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. घरची माणसे तो सरकारचा शेवटचा शब्द समजून पेटीत ठेवून देतात. तो शेवटचा शब्द नव्हे, एवढेच आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

लोकांची ही समजूत उगीच झालेली नाही. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याने असे दावे ऐकण्यास दिवाणी न्यायालयांना सर्वसाधारणपणे मनाई केली होती. निवृत्तिवेतन म्हणजे सरकारची मेहेरबानी, आणि मेहेरबानीबद्दल फिर्याद कसली, अशी त्यामागची दृष्टी होती. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दृष्टी टाकून दिली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या आणि १९८२ मध्ये नाकारा यांच्या खटल्यात निवृत्तिवेतन ही खैरात नसून हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

आता अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाकडे वळू. आजारामुळे सेवेतून मुक्त केलेल्या सैनिकासाठी मुख्य अटी दोन. अपंगत्व निदान २० टक्के असावे, आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेने बळावलेले असावे. भांडण बहुधा दुसऱ्या अटीवर होते. मग प्रश्न असा की, हा संबंध शाबीत कोणी करावयाचा?

धरमवीर सिंग यांचा खटला येथे समजून घेण्याजोगा आहे. ते १९८५ मध्ये सिग्नल्स दलात शिपाई म्हणून भरती झाले. १९९४ मध्ये अपस्माराच्या विकारामुळे, २० टक्के अपंगत्व ठरवून, त्यांना घरी पाठविण्यात आले. वैद्यकीय मंडळाने हा विकार सेवेशी संबंधित नाही असे मत दिले आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल द्विसदस्य पीठाने फिरविला. अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला.

त्या निकालातील विचार साधा आहे. भरतीच्या वेळी सैनिकाची तपासणी सरकारच करते. त्या वेळच्या कागदांत विकाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे धरले पाहिजे. पुढे प्रकृती बिघडली, तर ती सेवेमुळे बिघडली नाही हे दाखविण्याचा बोजा सरकारवर पडतो, शिपायावर नव्हे. वैद्यकीय मंडळाचे मत वेगळे असेल, तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. नुसता ‘संबंध नाही’ हा शेरा पुरत नाही.

मात्र यावरून प्रत्येक दावा जिंकला जाईल असे कोणी समजू नये. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या खटल्यात, काही मानसिक विकार भरतीच्या तपासणीत उघड होत नाहीत असे सांगून न्यायालयाने मागणी नाकारली. शिवाय धरमवीर सिंग यांना लागू असलेल्या १९८२ च्या नियमांनंतर २००८ आणि २०२३ मध्ये नवे नियम झाले आहेत. म्हणून आपण सेवेतून केव्हा मुक्त झालो आणि कोणते नियम आपल्याला लागू, हे आधी पाहावे.

दाद मागण्याची वाट अशी आहे. प्रथम खात्याकडे अपील करावे. तेथे नकार मिळाला, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले असून त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अंतिम नकारानंतर तेथे सहा महिन्यांत अर्ज करावा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. वकील दिलाच पाहिजे असे नाही, आपली बाजू स्वतः मांडता येते. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

उशिराची किंमत मात्र पडते. तरसेम सिंग १९८३ मध्ये सेवेतून मुक्त झाले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. हक्क बुडाला नाही. पण अशा प्रकरणांत थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळावी, असे २००८ च्या निकालात ठरले. मधल्या वर्षांचा पैसा गेला तो गेलाच.

तेव्हा आपल्या आळीत, आपल्या नात्यात असा एखादा निवृत्त सैनिक असेल, तर पेटीतला तो कागद बाहेर काढावयास त्याला सांगा. भरतीची तपासणी, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि नकाराचे पत्र ही तीन कागदपत्रे त्याने एकत्र ठेवावीत, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. मंडळाने कारण लिहिले आहे काय, हा पहिला प्रश्न. पुष्कळदा सारा खटला त्या एका प्रश्नावरच उभा राहतो.