पोलीसप्रमुखाचे नेतृत्व आणि वाक्यातील कर्ता

पोलीसदलाच्या प्रमुखपदाची आकांक्षा धरणाऱ्या अधिकाऱ्याने कोणत्या नेमणुका स्वीकाराव्यात आणि त्यांतून काय शिकावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी प्रशासनशास्त्राचा वाटतो. परंतु पोलिसांचा अधिकार बव्हंशी शब्दांच्या द्वारे प्रकट होतो. फिर्याद ऐकली जाते व लिहून घेतली जाते. जमावाला पांगण्याचा हुकूम दिला जातो. घडलेल्या प्रसंगाचे प्रतिवृत्त वरिष्ठांकडे जाते. या प्रत्येक पायरीवर ‘हे कोणी केले’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट राखणे हे नेतृत्वाचे पहिले लक्षण होय. मुंबईच्या, विशेषतः तिच्या उपनगरांच्या, अनुभवावरून हे दाखविता येते.

प्रथम ऐकण्याचा विचार करू. 1864 साली निवृत्त झालेले मुंबईचे पोलीस अधीक्षक चार्ल्स फॉर्जेट हिंदुस्थानात वाढलेले असून येथील भाषा त्यांना अवगत होत्या. 1857 मध्ये वेषांतर करून ते शहरात हिंडले व लोकांचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकले. हे ऐकणे परकीय सत्तेच्या रक्षणार्थ होते. त्याची परिणती दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात झाली. म्हणून तो आदर्श नव्हे. तथापि त्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याला लोकांचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडूनच कळते, त्याला शहर कळत नाही.

फॉर्जेट यांची मुंबई पायी फिरता येण्याइतकी होती. पुढे शहराची सीमा उत्तरेकडे सरकली. अंधेरी व घाटकोपर 1950 मध्ये, तर बोरिवली व मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. पोलीस आयुक्तांची कचेरी मात्र दक्षिण टोकाला, महात्मा जोतिबा फुले मंडईसमोर राहिली. कचेरी व मुलुंड यांच्यामध्ये सुमारे तीस किलोमीटरांचे अंतर आहे. आणि आयुक्त व ठाण्याचा अंमलदार यांच्यामध्ये सहआयुक्त, अपर आयुक्त, परिमंडळाचे उपायुक्त, सहायक आयुक्त व वरिष्ठ निरीक्षक अशा पायऱ्या आहेत. मराठी, गुजराती, हिंदी अशा अनेक भाषांत सांगितलेली तक्रार या पायऱ्या चढत वर जाते आणि आज्ञा त्याच पायऱ्यांनी खाली येते.

आज्ञेचे मोल किती असते, हे 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दिसून आले. त्या दिवशी सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले व संतप्त रहिवासी रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकावर त्याची जबाबदारी ठेवली. 2009 मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला.

त्या वेळी लागू असलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 129 नुसार, ठाण्याचा प्रभारी अधिकारी उपस्थित नसल्यास उपनिरीक्षकही जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकत असे. हुकूम होऊनही जमाव न पांगल्यास, अथवा न पांगण्याचा त्याचा निर्धार वर्तनावरून दिसल्यास, बळाचा वापर करता येई. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हुकूम ही केवळ घोषणा नसून कृती आहे, आणि ती ऐकणाऱ्याच्या भाषेत व त्याच्या कानापर्यंत पोहोचली तरच सार्थ होते. मोक्याच्या क्षणी हा निर्णय प्रमुखाच्या नव्हे, तर उपनिरीक्षकाच्या हाती असतो. प्रमुख तेथे नसतो. त्याने आधी दिलेले शिक्षण व शिस्त तेवढी तेथे असते.

प्रसंगानंतर प्रतिवृत्त लिहिले जाते. त्याची रूढ भाषा परिचित आहे : ‘जमाव पांगविण्यात आला’, ‘सौम्य बळाचा वापर करण्यात आला’, ‘गोळीबार करण्यात आला’. मराठीतील ‘करण्यात येणे’ ही रचना कर्त्याचा उल्लेख न करता वाक्य पूर्ण करू देते. ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून जेथे कर्ता गौण असेल तेथे सोयीचीही आहे. परंतु जेथे मनुष्याचा प्राण गेला आहे, तेथे कर्ता गौण नसतो. चौकशी आयोग आणि न्यायालय यांना पुढे जे करावे लागते ते एका अर्थी हेच, की लुप्त झालेला कर्ता वाक्यात परत आणणे. जो प्रमुख त्याच दिवशी ‘कोणी, कोणाच्या हुकमावरून, कोणत्या शब्दांत’ असे विचारतो, तो सत्याला वर्षानुवर्षे वाट पाहावयास लावीत नाही.

यावरून नेमणुकांच्या निवडीविषयी काही निष्कर्ष निघतात. परिमंडळातील उपायुक्तपद, जेथे फिर्यादीचे मूळ शब्द कानी पडतात, ते मंत्रालयानजीकच्या मानाच्या पदाहून प्रमुखाच्या घडणीस अधिक उपयोगी ठरते. श्रेणी हेही अंतिम माप नव्हे. मुंबईचे माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांनी 1986 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयातील उच्च पद सोडून अशांत पंजाबचे पोलीस महासंचालकपद पत्करले, हे उदाहरण या दृष्टीने चिंतनीय आहे.

अर्थात निवड सर्वस्वी अधिकाऱ्याच्या हाती नसते. वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे अधिकारी वस्तीची भाषा शिकण्यापूर्वीच तेथून उठतो. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस महासंचालकापासून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापर्यंत किमान दोन वर्षांच्या कार्यकाळाचा निर्देश दिला, आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कार्यकाळाची व आस्थापना मंडळांची तरतूद केली. स्थिर कार्यकाळाचा लाभ अधिकाऱ्याला मिळतो, तसा उत्तरदायित्वालाही मिळतो; कारण जो टिकतो त्यालाच जाब विचारता येतो.

सारांश, प्रमुखपदाची तयारी दोन सवयींत सामावलेली आहे : खालचा शब्द मूळ रूपात ऐकणे, आणि वर पाठवावयाच्या वाक्यात कर्ता लिहिणे. ‘चूक झाली’ आणि ‘माझ्या हुकमावरून हे झाले’ या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणाचे दिसते. वस्तुतः ते नेतृत्वाचे अंतर आहे.