वोलेमी पाइन : एका अतिसंकटग्रस्त शंकुधारी वृक्षाचे संवर्धन

प्रस्तावना :
ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या वायव्येस असलेल्या वोलेमी राष्ट्रीय उद्यानातील एका खोल घळईत सप्टेंबर १९९४ मध्ये वन्यजीव सेवेतील अधिकारी डेव्हिड नोबल यांना काही अपरिचित वृक्ष आढळले. १९९५ मध्ये त्यांचे 'वोलेमिया नोबिलिस' असे नामकरण झाले. नावात 'पाइन' असले तरी हा वृक्ष खरा पाइन नसून अराउकेरिएसी कुलातील आहे. महाराष्ट्रातील बागांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून लावला जाणारा अराउकेरिया याच कुलातील होय. वोलेमीच्या निमित्ताने, केवळ रोपांची संख्या वाढल्याने एखादी प्रजाती सुरक्षित होते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

वैशिष्ट्ये :
हा वृक्ष सुमारे ४० मीटर उंच वाढतो. नर व मादी शंकू एकाच झाडावर येतात. बुंध्याच्या तळातून नवे फुटवे येत असल्याने एकच झाड अनेक खोडांचे दिसते. नैसर्गिक अधिवासातील प्रौढ वृक्षांची संख्या शंभराहूनही कमी आहे. त्यांच्यातील जनुकीय विविधता अत्यल्प असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे.

धोके :
जनुकीय साम्यामुळे एका झाडाला घातक ठरणारा रोग सर्वच झाडांना घातक ठरू शकतो. २००५ मध्ये या वृक्षांत मुळे कुजविणाऱ्या 'फायटोफ्थोरा सिनॅमोमी' या रोगकारकाचा संसर्ग आढळला. तो पादत्राणांना चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. म्हणूनच घळईचे नेमके स्थान गुप्त ठेवले जाते. वणवा हा दुसरा मोठा धोका होय.

संवर्धनाचे उपाय :
वाढविलेली रोपे २००६ पासून विक्रीस खुली झाली. कुतूहलापोटी मूळ स्थळी जाण्याचा मोह त्यामुळे कमी व्हावा, हा त्यामागील एक हेतू होता. जगभरातील वनस्पती उद्यानांतही हा वृक्ष जोपासला जातो. राष्ट्रीय उद्यानातच अन्य योग्य ठिकाणी रोपांची लागवड करण्यात आली आहे. २०१९-२० च्या भीषण वणव्यात अग्निशामकांना हेलिकॉप्टरमधून घळईत उतरवून सिंचनव्यवस्था उभारण्यात आली व मूळ वृक्षसमूह बचावला.

समारोप :
उद्यानांतील रोपे हा विम्यासारखा आधार आहे. परंतु ती त्याच मर्यादित जनुकीय वारशातून आलेली आहेत. वन्य समूहातील उरलीसुरली विविधता नष्ट झाल्यास हजारो रोपेही ती परत देऊ शकणार नाहीत. म्हणून संवर्धनाचे यश रोपांच्या संख्येवरून न मोजता मूळ अधिवास व जनुकीय विविधता यांच्या रक्षणावरून मोजणे अधिक योग्य ठरते.