एथेल्ड्रेडाची ऑड्री कशी झाली?

सातव्या शतकात ईस्ट अँग्लियाचा राजा होता अ‍ॅना. (हो, हे पुरुषाचं नाव!) त्याच्या मुलीचं नाव एथेलथ्रिथ. जर्मानिक रिवाजाप्रमाणे दोन शब्दांची सांगड घालून केलेलं: ‘एथेल’ म्हणजे कुलीन, ‘थ्रिथ’ म्हणजे बळ. पहिला शब्द अल्बर्टमध्ये दडलाय, दुसरा गर्ट्रूडमध्ये. लॅटिन लिहिणाऱ्यांनी तिची एथेल्ड्रेडा केली.

दोन लग्नं होऊनही कौमार्यव्रत न मोडलेल्या या राणीने दुसरा नवरा, नॉर्थम्ब्रियाचा राजा एगफ्रिथ, याला सोडून ६७३ मध्ये ईली इथे मठ काढला. चहूकडे दलदल, पाण्यात वाम माशांची रेलचेल. बीड हा इतिहासकार ७३१ च्या सुमारास लिहितो की, ती फक्त लोकरीचे कपडे घाली आणि मोठे सण सोडले तर गरम पाण्याने अंघोळ करत नसे. ६७९ मध्ये मानेवर मोठी गाठ येऊन ती गेली. तरुणपणी गळ्यात मिरवलेल्या माळांचंच हे प्रायश्चित्त, असं ती म्हणे. सोळा वर्षांनी थडगं उघडलं, तेव्हा वैद्याने मानेला दिलेला छेद भरून आला होता, असंही बीड नोंदवतो. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ईलीला यात्रेकरूंची रीघ लागली हे मात्र खरं.

एवढं लांबलचक नाव रोजच्या बोलण्यात टिकणार कसं? झिजत झिजत त्याचं ‘ऑड्री’ झालं. ईलीच्या जत्रेत ‘सेंट ऑड्री’च्या रेशमी गोफांची, गळपट्ट्यांची विक्री होई. पुढे हा माल भडक आणि हलका निघू लागला, आणि ‘सेंट ऑड्री’ घाईत म्हणताना ‘टॉड्री’ हा भपकेबाज, सवंग वस्तूंसाठीचा इंग्रजी शब्द तयार झाला. गळ्यातल्या दागिन्यांचा पश्चात्ताप करणाऱ्या बाईच्या वाट्याला हे यावं!

शेक्सपिअरने ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये शेळ्या राखणाऱ्या भोळ्या पोरीला ऑड्री म्हटलं, म्हणजे तोवर राजकन्येचं नाव रानात पोचलं होतं. तिची समाधी तर धर्मसुधारणेच्या लाटेत, १५४१ मध्येच, फोडली गेली होती.

एकोणिसाव्या शतकात जुन्या सॅक्सन नावांची हौस आली. शार्लट यंगच्या ‘द डेझी चेन’ (१८५६) या कादंबरीतल्या नायिकेचं पाळण्यातलं नाव एथेल्ड्रेड, पण घरात सगळे तिला एथेलच म्हणतात. पुढे १९२९ मध्ये ब्रसेल्सला जन्मलेल्या ऑड्री हेपबर्नने धाकट्या रूपाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली.

माझ्या मते हे नाव मठाने नव्हे, जत्रेने आणि सिनेमाने जगवलं. मूळचं एथेल्ड्रेडा आता मुख्यतः चर्चच्या पाट्यांवरच भेटतं. त्यातलं तेराव्या शतकातलं एक चर्च लंडनच्या ईली प्लेसमध्ये आजही चालू आहे.